पुढील आठवड्याचे अंतराळ

दूरदर्शनवर १९९८ साली सुरू झालेल्या, केतन मेहता दिग्दर्शित ‘कॅप्टन व्योम’ या हिंदी मालिकेत, अंतराळातील तुरुंगातून फरारी झालेल्या अट्टल गुन्हेगारांना जेरबंद करण्याची कामगिरी मिलिंद सोमण यांनी साकारलेल्या नायकावर सोपविलेली होती. एखादा कैदी हाती लागला तरी मूळ मोहीम पुढील आठवड्यापर्यंत तहकूबच राहत असे, आणि माझ्या मते अशा मालिकेचे खरे आकर्षण या अपूर्णतेतच आहे, कारण मधल्या दिवसांत अंधेरी-बोरिवलीची मुले शाळेच्या वाटेवर त्या विश्वाचे नियम स्वतःच रचीत आणि मोडीत. तत्पूर्वी, १९८०च्या दशकात, रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ या मालिकेने घाटकोपर-मुलुंडच्या घरांत हेच कुतूहल जागविले होते. अमेरिकेत ती १९६६ ते १९६९ या काळात ७९ भाग चालून बंद पडली होती.

मराठी वाचक या कल्पनासृष्टीला सर्वस्वी अपरिचित मात्र नव्हता: चुनाभट्टीच्या मराठी विज्ञान परिषदेने, जिची स्थापनाही १९६६ सालचीच, विज्ञानकथांच्या स्पर्धा भरविल्या, आणि त्यांपैकी १९७४च्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठवून पारितोषिक मिळविले.