आधी दिवा, मग काळोख

पौर्णिमेला रात्री आठच्या सुमारास नागपुरातल्या एखाद्या गजबजलेल्या चौकात काही तरुण दुकानादुकानांत शिरतात आणि विनंती करतात, की तासभर गरज नसलेले दिवे बंद ठेवा. अनिल सोले महापौर असताना त्यांच्या कल्पनेतून ‘पौर्णिमा दिवस’ सुरू झाला. ग्रीन व्हिजिल फाउंडेशन आणि महापालिकेने तो पुढे चालवला. आठ ते नऊ या वेळात पाट्या आणि शोकेस विझतात. वीज वाचते, तेवढा कोळसा वाचतो. कोळशाचं मोल नागपूरकरांना वेगळं सांगावं लागत नाही. कोराडीच्या 660 मेगावॅटच्या तीन संचांची वीज राज्यभर जाते, राख मात्र इथेच राहते.

पण विझवायला आधी दिवा हवा.

‘572’ आणि ‘1900’ हे नागपुरात नुसते आकडे नाहीत, ती अनधिकृत लेआउटची ओळख आहे. शेतजमिनीचे तुकडे पाडून भूखंड विकले गेले, लोकांनी घरं बांधली. पुढे 2001 च्या गुंठेवारी कायद्याने ते नियमित करण्याची वाट खुली झाली. आधी नागपूर सुधार प्रन्यासकडे विकास शुल्क भरायचं, मग रस्ता, गटार आणि खांब. माणसं राहायला आधी येतात, दिवा मागून येतो. शहरात चारशेहून अधिक झोपडपट्ट्याही आहेत. तिथे दिवा बहुधा मोठ्या रस्त्यावर असतो आणि आतली बोळ घरांच्या सावलीत राहते. वास्तविक सार्वजनिक रस्त्यांवर दिवे लावणं हे कायद्याने महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा बंद दिव्याची तक्रार घेऊन जाण्याचं वस्तीतलं हक्काचं दारही काही काळ मिटलं.

या अंधाराचा भार पायी चालणाऱ्यावर पडतो. शेवटच्या बसने उतरणारी कामवाली, शिकवणीहून परतणारी मुलगी, रात्रपाळीचा चौकीदार यांच्यासोबत गाडीचा हेडलाइट नसतो. दिल्लीत ‘सेफ्टीपिन’ या संस्थेने रस्त्यांची रात्री छायाचित्रं घेऊन सात हजारांहून अधिक अंधाऱ्या जागा नकाशावर आणल्या. ती यादी हाती आल्यावर तिथल्या यंत्रणांनी बऱ्याच ठिकाणी दिवे बसवले.

म्हणून दिसेल तिथे प्रखर दिवा ठोकायचा का? न्यूयॉर्कमध्ये 2016 साली सरकारी घरकुलांच्या आवारात तात्पुरते प्रकाशमनोरे उभारले, तेव्हा उघड्यावरचे रात्रीचे गंभीर गुन्हे सुमारे 36 टक्क्यांनी घटले. पण याच शहरात 1713 च्या कायद्याने गुलामांना रात्री हातात कंदील घेऊनच फिरण्याची सक्ती केली होती. उजेड सोबतीसाठी आहे की पहाऱ्यासाठी, हा प्रश्न तेव्हापासूनचा. शिवाय डोळा प्रखर उजेडाला सरावतो, तेव्हा दोन खांबांमधला काळोख आणखी गडद भासतो. त्यामुळे दिवे किती तेजस्वी आहेत एवढंच पाहून भागत नाही, उजेड सारखा पसरतो का तेही पाहावं लागतं. निळसर पांढरा एलईडी डोळ्यांत खुपतो आणि झोपेवरही परिणाम करतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 2016 मध्ये रस्त्यांवरच्या दिव्यांसाठी 3000 केल्विन किंवा त्याहून उबदार छटेची शिफारस केली, ती यासाठीच.

उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. आशियातलं ते पाचवं. आकाश काळं राखायचं म्हणून सिल्लारी, खापा अशा गावांतल्या लोकांना अंधारात बसवलं नाही. जिल्हा नियोजनाच्या निधीतून रस्त्यांवरचे आणि सार्वजनिक जागांवरचे शंभराहून अधिक दिवे बदलून जमिनीकडे तोंड केलेले दिवे लावले. गावकऱ्यांची वाट उजळ राहिली.

शहरातही असं करता येईल, सुरुवात मोजदादीने. सूर्यास्तानंतर वॉर्डात फिरून, त्या वाटेने रोज जाणाऱ्या बायकांना सोबत घेऊन कुठला दिवा आभाळाकडे सांडतो, कुठला कुणाच्या खिडकीत घुसतो आणि कुठल्या बोळीत खांबच नाही याची यादी करायची. मग नव्या दिव्यांचा पहिला पैसा शेवटच्या रकान्यासाठी ठेवायचा. पौर्णिमेच्या तासात सहभागी व्हायची संधी तेव्हा कुठे त्या बोळीलाही मिळेल.