ताबा न मिळाल्यास करार कसा संपवावा?

ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरात लोकवस्ती वाढली, तसे सदनिका-खरेदीचे करारही वाढले. ठरल्या तारखेस ताबा न मिळाल्यास खरेदीदाराने काय करावे?

भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ३९ नुसार एका पक्षाने वचनपूर्तीस संपूर्णपणे नकार दिल्यास दुसऱ्यास करार संपुष्टात आणता येतो. मात्र त्याने शब्दांनी वा वर्तनाने करार चालू ठेवण्यास संमती दर्शविलेली नसावी. सदनिकांबाबत स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ चे कलम १८ अधिक स्पष्ट आहे. मुदत टळल्यास खरेदीदारास दोन मार्ग खुले असतात : प्रकल्पातून बाहेर पडून भरलेली रक्कम व्याजासह परत घेणे, किंवा करार कायम ठेवून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घेणे. परताव्याचा हा हक्क बिनशर्त असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे.

म्हणून करारनाम्यात ताब्याची तारीख नमूद आहे ना, हे सहीपूर्वीच पाहावे. मुदतवाढीच्या कागदावर विचार न करता सही करू नये. करार संपवावयाचा असल्यास तसे लेखी कळवावे, पावत्या जपाव्यात आणि रक्कम न मिळाल्यास महारेराकडे तक्रार करावी. अनेक कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी अशा एकाच करारात गुंतलेली असते. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही माहिती त्यांच्यापर्यंत अवश्य पोहोचवावी.