गादीवरून उतरताना

मुरुमच्या बाजारपेठेत जुन्या पेढीचा दिवस ठरलेला असतो. सकाळी देवदर्शन, मग दुकान उघडणे, झाडलोट, गादीवर बैठक. आजोबांच्या काळापासूनचे गिऱ्हाईक येते, वही उघडते, जुनी बाकी पुढे ओढली जाते. सोलापूर–हैदराबाद महामार्गापासून थोड्या आत वसलेल्या, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या या गावात मराठीबरोबर कानडीही कानावर पडते. उमरगा तालुक्यातील हा मुलूख तूर, हरभरा, सोयाबीन आणि उसाचा. हंगाम चांगला तर उधारी वसूल, हंगाम बुडाला तर वसुली पुढच्या वर्षावर. या चक्रात तीन-तीन पिढ्या अब्रूने जगल्या. त्या स्थैर्याला नावे ठेवण्याचे काही कारण नाही.

परंतु अलीकडे याच गादीवर एक अस्वस्थता येऊन बसली आहे. खेड्यातील गिऱ्हाईक मोटारसायकलवर बसून थेट तालुक्याला जाते. शिकलेला मुलगा मोबाइलवर भाव पाहून मगच दुकानाची पायरी चढतो. विक्री तेवढीच दिसते, नफा मात्र पातळ होत जातो. घरचा मुलगा पुण्याहून बी.कॉम. होऊन येतो आणि विचारतो, ‘आपण तूर नुसती विकत घेऊन पुढे पाठवतो, तिची डाळ आपणच का करू नये?’ वडील गप्प राहतात. नव्या धंद्याची त्यांना भीती वाटते आणि मुलगा पुन्हा पुण्याला निघून जाईल याचीही. सवयीची चौकट सोडावी की सोडू नये, हा प्रश्न अशा घरांत केवळ पैशांचा राहत नाही. पेढी पुढे चालेल की नाही, हेच त्यात पणाला लागलेले असते.

या प्रश्नाचे एक उत्तर मुरुमपासून फार दूर नाही. ते सोलापूरच्या एका जैन पेढीत, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी शोधले गेले.

सोलापूरची पेढी आणि रेल्वेचा कारकून

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात, गुजरातेतून येऊन स्थायिक झालेल्या दिगंबर जैन कुटुंबात झाला. घराण्याचा व्यवसाय सावकारीचा व कापसाचा. वडील हिराचंद नेमचंद हे समाजसुधारक वृत्तीचे. ‘जैन बोधक’ हे मराठी नियतकालिक त्यांनीच सुरू केले. वालचंद महाविद्यालयात गेले, परंतु पदवी पूर्ण झाली नाही. घरच्या पेढीत त्यांच्यासाठी जागा तयार होती. गादीवर बसले असते तर सुस्थितीत आयुष्य गेले असते.

ते गादीवरून उतरले. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव बळवंत फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाशी त्यांनी भागीदारी केली आणि रेल्वेबांधणीची कंत्राटे घेण्यास सुरुवात केली. फाटकांना कामाची माहिती होती, पण भांडवल नव्हते. वालचंदांच्या घराण्याकडे भांडवल व पत होती, पण रुळांखालच्या मातीचे गणित ठाऊक नव्हते. भागीदारीच्या सुरुवातीच्या कामांत बार्शी लाइट रेल्वेचे काम होते. बार्शीहून पूर्वेकडे निघालेला हा अरुंद लोहमार्ग पुढे येडशी, तडवळे या आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या गावांवरून १९११ मध्ये लातूरला पोहोचला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. ज्या रेल्वेने या भागाचा कापूस आणि कडधान्य बाहेर नेले, तिच्या कामात सोलापूरच्या एका व्यापारीपुत्राचा नवा व्यवसाय आकाराला येत होता.

पुढचा इतिहास बहुतेकांना परिचित आहे. बांधकामाचा विस्तार, भोर घाटातील बोगदे, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी, रावळगाव व वालचंदनगरचे साखर कारखाने, डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना, विशाखापट्टणमची जहाजबांधणी, प्रीमियर ऑटोमोबाइल्स. वालचंदांच्या गौरवात ही यादी नेहमी वाचली जाते. लहान व्यापाऱ्याला मात्र यादीपेक्षा पहिले पाऊल अधिक शिकवते. त्या पावलात वालचंदांनी सगळे एकदम सोडले नव्हते. धंदा नवा होता, पण भांडवल आणि पत घरचीच होती. जे स्वतःला येत नव्हते, ते येणारा माणूस त्यांनी पगारी नोकर म्हणून न ठेवता भागीदार म्हणून बरोबरीने घेतला. सावकाराच्या घरातील मुलाने एका कारकुनाचे ज्ञान आपल्या भांडवलाइतकेच मोलाचे मानले. गादीवरून खरे उतरणे ते हेच.

‘लॉयल्टी’ने शिकवलेला धडा

प्रत्येक पाऊल असे बेताचे पडले नाही. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह वालचंदांनी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून ‘लॉयल्टी’ हे जहाज घेतले. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनकडे निघाले. त्याच दिवसाच्या स्मरणार्थ देशात राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. परंतु जहाज जुने होते; त्याची बांधणी १८९० च्या सुमाराची. समोर ब्रिटिश कंपन्या होत्या. त्यांनी दर पाडून स्पर्धा केली. १९२३ मध्ये सिंदिया कंपनीला किनारी वाहतुकीपुरते मर्यादित राहण्याचा करार स्वीकारावा लागला आणि ‘लॉयल्टी’ मोडीत गेली.

कंपनी मात्र मोडली नाही. पहिल्या जहाजाचे अपयश सोसण्याइतके बळ भागीदारांपाशी होते आणि मर्यादित क्षेत्रात टिकून राहण्याचा संयमही होता. अभिमानापोटी सर्वस्व पणाला लावून दूरच्या सागरावरच अडून बसले असते, तर आज सागरी दिनाला स्मरण करण्यासारखे काही उरले नसते. नव्या धंद्यात मागे घेतलेले एक पाऊल ही नामुष्की नव्हे. कुठे थांबायचे हे न ठरवता पुढे जाणे अधिक घातक.

वाकोदचा तरुण आणि एकच गिऱ्हाईक

दुसरे उदाहरण खानदेशातले. जळगाव जिल्ह्यातील वाकोद येथे १९३७ मध्ये जन्मलेले भवरलाल जैन कायद्याचे पदवीधर. सरकारी नोकरीची संधी समोर असताना त्यांनी ती नाकारली आणि १९६३ मध्ये घरच्या सात हजार रुपयांच्या बचतीवर रॉकेल विक्रीपासून धंदा सुरू केला. हातगाडीवरून रॉकेल विकणारा वकील पाहून लोक काय म्हणत असतील, याची कल्पना करता येते. पुढे खते, बियाणे, ट्रॅक्टर, पाइप यांच्या एजन्सी आल्या. १९७८ मध्ये त्यांनी केळीची भुकटी करणारा बंद कारखाना तीस लाखांना घेतला आणि तेथे पपईच्या चिकापासून पपेन बनवण्यास सुरुवात केली. नंतर पीव्हीसी पाइप आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचन.

वरवर पाहता हे धंदे एकमेकांशी असंबद्ध दिसतात. नीट पाहिले तर जवळजवळ सर्वांच्या एका टोकाला शेतकरी उभा आहे. कधी तो माल घेणारा, कधी कच्चा माल देणारा. माल बदलत गेला, माणूस तोच राहिला. त्या माणसाची गरज, त्याचा हंगाम, त्याच्या हातात पैसा कधी येतो, हे ज्ञान प्रत्येक नव्या धंद्यात भांडवलासारखे उपयोगी पडले.

याची उलट साक्षही त्यांच्याच वाटचालीत आहे. १९९० च्या दशकात कंपनीने वित्तपुरवठा, माहिती तंत्रज्ञान अशा शेतीशी संबंध नसलेल्या क्षेत्रांत उडी घेतली आणि नुकसान सोसले. भवरलालजींनी चूक मान्य करून भागधारकांची जाहीर माफी मागितली आणि कंपनी पुन्हा शेतीकडे वळवली. धैर्य दोन्ही वेळा होते. पहिल्या वेळी पायाखाली ओळखीची जमीन होती, दुसऱ्या वेळी ती नव्हती.

या दोन्ही जीवनांतून एकच सूत्र हाती येते. माल, गिऱ्हाईक, भांडवल आणि माहिती या धंद्याच्या चार बाजू. चारही एकदम बदलणे म्हणजे जुगार; एक किंवा दोन बदलून उरलेल्यांवर पाय रोवणे म्हणजे व्यापार.

मुरुमच्या गादीवरचे गणित

आता तुरीकडे वळू. तूर घेणाऱ्या दुकानदाराने डाळ मिल काढली, तर कच्चा माल ओळखीचा आणि शेतकरीही ओळखीचा. यंत्र नवे, गिऱ्हाईक नवे. तुरीपासून साधारण सत्तर ते पंच्याहत्तर टक्के डाळ मिळते. उरलेली चुणी व टरफल पशुखाद्यात जाते. इथवर हिशेब सोपा वाटतो. खरी कसोटी खेळत्या भांडवलाची.

समजा, महिन्याला दहा लाखांची डाळ विकली जाईल. शहरातील दुकानदार पंचेचाळीस दिवसांची उधारी मागतात. म्हणजे पंधरा लाख कायम बाहेर. तुरीचा हंगाम थोड्या दिवसांचा, म्हणून किमान दोन महिन्यांचा माल भरून ठेवावा लागतो. महिन्याची खरेदी नऊ लाखांची धरली तर आणखी अठरा लाख गुंतले. एकूण तेहेतीस लाख. बँका लहान उद्योगांना नायक समितीच्या सूत्राने खेळते भांडवल देतात: वार्षिक विक्रीच्या पंचवीस टक्के गरज धरायची, त्यातील वीस टक्के बँकेचे, पाच टक्के मालकाचे. एक कोटी वीस लाखांच्या विक्रीवर बँकेचे चोवीस आणि घरचे सहा, असे तीस लाख होतात. तीन लाख तरीही कमी पडतात. मजुरी, वीज आणि व्याज अजून मोजलेलेच नाही. अनेक नवे धंदे यंत्र चालत नाही म्हणून बुडत नाहीत. या अशा तीन-चार लाखांच्या खड्ड्यात बुडतात. मग तो खड्डा मुलीच्या लग्नाच्या ठेवीतून भरला जातो आणि घर व धंदा यांच्यामधली भिंत कोसळते.

व्यापारातून उत्पादनाकडे जाण्यात एक फायदाही आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ प्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने फार तर पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकर तरतुदीमुळे मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. निव्वळ व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही, उत्पादकाला आहे. म्हणून उद्यम नोंदणी पहिल्या दिवशीच करावी आणि बिलावर तिचा क्रमांक छापावा.

अनुदानाच्या बाबतीत मात्र सावध राहिले पाहिजे. २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या पस्तीस टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. ही रक्कम हाती खेळवण्यासाठी नसते. खाते नियमित राहिले तर तीन वर्षांनी ती कर्जात वळती होते. जो धंदा अनुदान वगळूनही उभा राहतो, तोच अनुदानाला पात्र समजावा.

भागीदारी करायची तर नोंदणीकृत असावी. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या पेढीला बाहेरच्या ऋणकोवर करारापोटी दावा लावता येत नाही. शिवाय भागीदाराची जबाबदारी अमर्याद असते. एकाची चूक दुसऱ्याच्या घरापर्यंत पोहोचते. तंत्र जाणणारा भागीदार घेताना फाटक-वालचंदांचा आदर्श जरूर ठेवावा; पण हिस्सा, पगार, सही आणि वेगळे होण्याची रीत पहिल्याच दिवशी कागदावर उतरवावी. नात्यात कागद नको, असे म्हणणाऱ्या घरांतच पुढे नाते उरत नाही.

मर्यादा आधी, पाऊल नंतर

श्रावकाच्या बारा व्रतांत परिग्रह-परिमाण आणि दिग्व्रत आहे. किती जवळ बाळगायचे आणि कोणत्या दिशेला कुठवर जायचे, याची मर्यादा स्वतःच घालून घ्यायची. ही व्रते उद्योगाच्या आड येतात, असे काही तरुणांना वाटते. वास्तविक त्यांतील शिस्त नव्या धंद्यासाठी फार उपकारक आहे. मर्यादा मोहाच्या क्षणी ठरवायची नसते, निघण्यापूर्वी ठरवायची असते. घरच्या पुंजीपैकी किती रक्कम या धंद्यात घालायची, किती महिने वाट पाहायची, राहते घर कोणत्याही परिस्थितीत तारण ठेवायचे की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे वडील, मुलगा आणि घरातील स्त्रिया यांनी एकत्र बसून वहीत लिहावीत. बहुतेक घरांत दागिने शेवटी स्त्रियांचेच मोडले जातात. निर्णयात मात्र त्यांना विचारले जात नाही.

जुने दुकान लगेच बंद करू नये. पहिल्या हंगामात दुसऱ्याच्या मिलमध्ये भाडे देऊन आपल्या तुरीची डाळ करून घ्यावी, पन्नास पोती विकून पाहावीत, उधारी खरोखर किती दिवसांत परत येते ते नोंदवावे. एवढ्याने यंत्राच्या कर्जाआधीच धंद्याचा स्वभाव कळतो. एका हंगामाच्या या वहीला बँकेतही सुंदर छापलेल्या प्रकल्प अहवालापेक्षा अधिक वजन असते.

आणि हिशेब मांडल्यावर उत्तर ‘नको’ असे आले, तर तेही मोकळ्या मनाने स्वीकारावे. जुनेच दुकान नीट लावणे, उधारी कमी करणे, संगणकावर हिशेब आणणे, हेसुद्धा अनेक पेढ्यांसाठी सवयीबाहेरचेच पाऊल आहे. मात्र हिशेब न मांडताच ‘आपल्याकडे असे करत नाहीत’ म्हणून मुलाला गप्प बसवणे ही सावधगिरी नव्हे. त्या एका वाक्याची किंमत कोणत्याही खतावणीत दिसत नाही. दहा वर्षांनी गादी रिकामी दिसते, तेव्हा ती कळते.

येत्या दिवाळीला वहीपूजन होईल. लाल वहीच्या पहिल्या पानावर दरवर्षीप्रमाणे ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहिले जाईल. त्याच वहीच्या मागच्या पानावर एकदा वडिलांनी आणि मुलाने शेजारी बसून तुरीचा तेहेतीस लाखांचा हिशेब मांडावा. पाऊल पडो वा न पडो, त्या रात्री पेढीत दोन पिढ्या प्रथमच एका वहीवर वाकलेल्या असतील.