कुक्कुटपालन कंपन्यांची वृद्धिक्षमता आणि गुंतवणूकदारांच्या शंका : व्यंकीज (इंडिया) लिमिटेडच्या संदर्भात

प्रस्तावना

आपल्या देशात अंडी व कोंबडीचे मांस यांची मागणी गेली कित्येक दशके वाढत आहे. उत्पन्न वाढले, शहरे वाढली, की ही मागणी वाढणार, याविषयी अभ्यासकांत मतभेद नाही. असे असूनही भांडवल बाजारात साबण वा बिस्किटे विकणाऱ्या कंपनीच्या प्रत्येक रुपयाच्या नफ्याला जी किंमत मिळते, ती कुक्कुटपालन कंपनीच्या नफ्याला मिळत नाही. वाणिज्य व अर्थशास्त्राचे विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात. देवळा, कळवण, सटाणा या पट्ट्यातून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तो केवळ पुस्तकी नाही, कारण मका व कांद्याच्या शेतालगत ब्रॉयलर कोंबड्यांची शेड त्यांनी पाहिलेली असते. मागणीची वाढ आणि नफ्याची वाढ या दोन भिन्न गोष्टी का ठरतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहातील व्यंकीज (इंडिया) लिमिटेड या कंपनीचे उदाहरण घेतले आहे.

कंपनीची पार्श्वभूमी

डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केली. अंड्याचा भाव व्यापाऱ्याने नव्हे, तर उत्पादकाने ठरवावा, या भूमिकेतून १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. तिच्यामागेही डॉ. राव यांचीच प्रेरणा होती. समूहातील वेस्टर्न हॅचरीज ही कंपनी १९७६ मध्ये स्थापन झाली आणि पुढे व्यंकीज (इंडिया) या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे समभाग मुंबई शेअर बाजार व राष्ट्रीय शेअर बाजार येथे नोंदलेले आहेत. एक दिवसाची पिल्ले, वाढवलेले ब्रॉयलर पक्षी, प्रक्रिया केलेले मांस, पशुऔषधे, सोयाबीन तेल व पेंड आणि लसनिर्मितीसाठी लागणारी रोगजंतुमुक्त अंडी असा तिचा पसारा आहे. यांपैकी पशुऔषधे व लसीसाठीची अंडी यांचे उत्पन्न तुलनेने स्थिर म्हणता येईल. परंतु कंपनीच्या नफ्या-तोट्याचे चित्र मुख्यत्वे पिल्ले व पक्षी यांच्या भावावरच ठरते.

भाव, खर्च आणि बासष्ट आठवडे

जिवंत पक्ष्याचा भाव रोज ठरतो आणि तो ठरविणे कोणत्याही एका कंपनीच्या हाती नसते. समजा, एक किलो पक्षी तयार करण्यास ९० रुपये खर्च येतो व तो १०० रुपयांना विकला जातो. नफा १० रुपये झाला. भाव केवळ ५ टक्क्यांनी उतरून ९५ रुपयांवर आला, तर नफा निम्मा होतो. १० टक्क्यांनी उतरला, तर काहीच उरत नाही. विक्री झालेल्या पक्ष्यांची संख्या मात्र तिन्ही वेळा तीच असते. गुंतवणूकदाराची पहिली शंका येथेच उत्पन्न होते.

भाव उतरला तर उत्पादन कमी का करीत नाहीत, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर पक्ष्याच्या शरीरशास्त्रात आहे. ब्रॉयलरची आजी-पिढी शेडमध्ये आणल्यापासून सुमारे २५ आठवड्यांनी अंड्यावर येते. अंडे उबण्यास ३ आठवडे लागतात. त्यातून निघालेल्या आई-पिढीस पुन्हा २५ आठवडे, तिच्या अंड्यास पुन्हा ३ आठवडे, आणि शेवटी बाजारात जाणारा पक्षी वाढण्यास सुमारे ६ आठवडे. म्हणजे आज तेजी पाहून घेतलेल्या विस्ताराच्या निर्णयाचे मांस जवळपास ६२ आठवड्यांनी बाजारात येते. त्याच तेजीत इतर कंपन्यांनीही तोच निर्णय घेतलेला असतो. सर्वांचा माल एकदम येतो आणि भाव कोसळतो. अर्थशास्त्रात ज्याला कोळिष्टक सिद्धांत म्हणतात, त्याचे याहून चांगले उदाहरण वर्गात देण्यासाठी सापडणे कठीण! मंदीत पिल्लांच्या व्यवसायाची स्थिती अधिकच बिकट होते. शेतकरी पिल्ले घेईनासे होतात, पण यंत्रात ठेवलेली अंडी एकविसाव्या दिवशी फुटतातच.

याखेरीज आपल्या पंचांगाचाही हिशेब आहे. आखाडात मागणी चढते व श्रावणात उतरते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे ही उतरती दोन महिने लांबली. अशा तिमाहीचे निकाल पाहून कंपनीविषयी अनुमान काढणे धाडसाचे ठरते.

रोग आणि अफवा

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा भारतातील पहिला उद्रेक जाहीर झाला. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल येताच हजारो मैल दूर असलेला विषाणू उत्तर महाराष्ट्राच्या दारात आला आणि देशभर ग्राहकाने कोंबडीकडे पाठ फिरविली. त्याच नवापुरात २०२१ मध्ये पुन्हा लाखो पक्षी नष्ट करावे लागले. २०२० मधील घटना याहून बोलकी आहे. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीच्या मांसाने कोरोना होतो, अशी निराधार अफवा पसरली. पक्षी निरोगी होते, तरीही जागेवरचा भाव उत्पादन खर्चाच्या कितीतरी खाली गेला. नाशिक जिल्ह्यातही उत्पादकांनी पक्षी फुकट वाटले. व्यंकीजने २०१९-२० या वर्षात तोटा नोंदविला आणि पुढच्याच २०२०-२१ मध्ये मोठा नफा मिळविला. या दोन वर्षांची सरासरी काढून वृद्धिदर सांगता येईल, पण त्या दरावर विश्वास कोण ठेवील? २०१७ मध्ये या समभागाची किंमत काही पटींनी वाढली होती. त्या उंचीवर खरेदी करणाऱ्यांनी तेजीच्या वर्षातील नफा हाच नेहमीचा नफा मानला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नोव्हेंबर २०१० मध्ये समूहाने इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल संघ विकत घेतला, तेव्हा आणखी एका शंकेची भर पडली. येथे भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. ही खरेदी प्रवर्तकांच्या खाजगी कंपनीमार्फत झाली होती, बाजारात नोंदलेल्या व्यंकीज (इंडिया)मार्फत नव्हे. तथापि प्रवर्तक एकच असल्यास त्यांचे भांडवल व लक्ष कोठे जाते, हा प्रश्न अल्पसंख्य भागधारकाने विचारणे गैर ठरत नाही.

शेडमालकाची बाजू

करार पद्धतीत कंपनी पिल्ले, खाद्य व औषधे देते. शेतकरी शेड, पाणी, वीज, तूस आणि श्रम देतो व त्यास किलोमागे संगोपन-मोबदला मिळतो. किती खाद्यात किती वजन आले, यावर तो कमी-अधिक होतो. बाजारभावाचा धोका कागदोपत्री कंपनीचा असतो. प्रत्यक्षात मंदी आली की कंपनी पुढची बॅच उशिरा टाकते, पक्षी उचलण्यास विलंब लावते. दोन बॅचमधील अंतर पंधरा दिवसांवरून महिन्यावर गेले, की वर्षातील एक-दोन बॅच कमी होतात. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. वाईट बातमी ऐकताच गुंतवणूकदार काही क्षणांत समभाग विकू शकतो. शेडला दुसरा उपयोग नसतो. म्हणून कंपनीच्या वार्षिक अहवालाचे वाचन देवळ्यातील शेडमालकासही मुंबईच्या दलालाइतकेच, किंबहुना अधिक, उपयोगी आहे.

मक्याचा पेच

एकूण उत्पादन खर्चात खाद्याचा वाटा सुमारे दोन-तृतीयांश असतो आणि ते मुख्यत्वे मका व सोयापेंड यांचे बनते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांपलीकडे गेले, तेव्हा केंद्र शासनास १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीस परवानगी द्यावी लागली. त्यावर सोयाबीन उत्पादक नाराज झाले. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल बनविण्यावर निर्बंध आले व कारखाने मक्याकडे वळले. एरवी मका निर्यात करणारा भारत २०२४ मध्ये आयातदार ठरला. इथेनॉलनंतर उरणारा चोथा खाद्यात वापरता येतो, पण त्याने मक्याची पूर्ण जागा भरत नाही. मक्याची आधारभूत किंमत २०२४-२५ साठी २,२२५ व २०२५-२६ साठी २,४०० रुपये प्रतिक्विंटल ठरली. मका चढला की पक्ष्याचा खर्च वाढतो आणि कंपनी बॅच लांबविते. मका उतरला की तीच कंपनी विस्ताराच्या योजना जाहीर करते. देवळा तालुक्यात ज्या घरी मका पिकतो, पुष्कळदा त्याच घरी शेडही असते. त्या घराने मक्याला कोणता भाव मिळावा म्हणून इच्छा करावी, याचे उत्तर त्या हंगामात शेतात किती मका उभा आहे आणि शेडमध्ये पिल्ले आहेत की नाहीत, यावर अवलंबून असते.