संगणकाचा पडदा अंधारतो तेव्हा

सकाळी कार्यालय उघडते. दाखल्यांसाठी आलेली मंडळी बाकावर बसलेली असतात. संगणकाचे बटण दाबले जाते, पंखा फिरू लागतो, कंपनीचे चिन्ह क्षणभर उमटते आणि पडदा काळाठिक्कर पडतो. 'यंत्र गेले' असा निष्कर्ष तत्काळ काढला जातो. त्याहून मोठी धास्ती असते ती नोंदी नाहीशा झाल्याची. वस्तुतः नोंदी डिस्कवर साठविलेल्या असतात. पडदा हे त्या पाहण्याचे केवळ साधन होय. पडदा अंधारला म्हणून नोंदी पुसल्या जात नाहीत. म्हणूनच घाई न करता दोषाचा शोध क्रमाने घेणे इष्ट ठरते.

यंत्राची आत्मपरीक्षा

संगणक सुरू होताच मदरबोर्डवरील एका चिपमध्ये साठविलेला प्रोग्राम प्रोसेसर, रॅम आणि चित्र दाखविणारा भाग यांची तपासणी करतो. 1981 साली बाजारात आलेल्या आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरमध्येही ही व्यवस्था होती. तपासणी पार पडल्यावर सूत्रे विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या कार्यप्रणालीकडे जातात व ती चित्रासाठी आपला स्वतंत्र ड्रायव्हर कामाला लावते. पडदा यांपैकी कोणत्या टप्प्यावर अंधारतो, हे पाहिले की दोषाची दिशा कळते.

आरंभापासूनच काळोख

चिन्हही दिसत नसेल तर प्रथम मॉनिटरचा दिवा पाहावा, केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवावी आणि शक्य असल्यास दुसरा मॉनिटर जोडून पाहावा. संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच जोडलेली हवी. मदरबोर्डच्या खाचेत ती चुकून लावली गेल्यास पडदा बहुधा कोराच राहतो.

एवढ्याने भागले नाही तर रॅमकडे वळावे. वीजपुरवठा बंद करून तार काढावी, अंगातील स्थितिक वीज निघून जावी म्हणून पेटीच्या धातूला हात लावावा आणि रॅमची पट्टी काढून पुन्हा नीट बसवावी. पट्ट्या दोन असल्यास एकेक लावून पाहावी. सुरू होताना 'बीप' असे आवाज येत असतील तर ते मोजावेत. त्यांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो व तो माहितीपुस्तिकेत सापडतो.

चिन्ह दिसल्यानंतरचा काळोख

चिन्ह उमटून मग पडदा अंधारत असेल तर मॉनिटर व केबल बहुधा ठीक असतात आणि संशय ड्रायव्हरकडे जातो. विंडोजमध्ये विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणे एकदम दाबल्यास ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उपयोग न झाल्यास पॉवरचे बटण सुमारे 10 सेकंद दाबून यंत्र बंद करावे. आरंभ लागोपाठ दोन-तीनदा अपुरा राहिला की विंडोज दुरुस्तीचे पान उघडते. तेथून 'सेफ मोड' निवडता येतो. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर या वेळी 48 अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. ती आधीच जपून ठेवलेली असावी. सेफ मोडमध्ये साधा, मूलभूत ड्रायव्हर वापरला जातो. तेथे चित्र स्थिर राहिले तर दोष बहुधा नेहमीच्या ड्रायव्हरचा समजावा आणि तो काढून नव्याने घालावा.

मर्यादा ओळखाव्यात

वीजपुरवठ्याची बंद पेटी मात्र कोणीही उघडू नये. तार काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठून राहते. ते काम जाणकाराचे. त्याचप्रमाणे 'सर्व पुसून नव्याने सुरू करू' हा सल्ला नोंदींची प्रत हाती आल्याशिवाय मानू नये. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडल्यास बहुधा प्रत घेता येते. काळ्या पडद्याने एका दिवसाचे काम अडते. उतावळेपणाने पुसलेल्या नोंदी मात्र परत मिळतीलच असे नाही. म्हणून यंत्र सुरळीत चालू असतानाच नोंदींची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवण्याची सवय प्रत्येक कार्यालयाने लावून घ्यावी.