हळदीचा साबण लाल का झाला?

जबलपूरमधल्या आमच्या ओळखीच्या एका काकूंनी गणपती गेल्यावर घरी साबण करायला घेतला. तेल मोजलं, कॉस्टिक सोडा मोजला, घोटून घोटून मिश्रण श्रीखंडाइतकं दाट केलं. रंगही येईल आणि कांतीही उजळेल म्हणून शेवटी दोन चमचे हळद घातली. बघता बघता अख्खा घाणा कुंकवासारखा लाल! काकूंनी लगेच किराणावाल्याला फोन लावला आणि हळदीत भेसळ केल्याबद्दल त्याला चार शब्द सुनावले.

त्या बिचाऱ्याची हळद शुद्ध होती. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पूर्वी कुंकू करायचे तेही हळदीपासूनच. चुना अल्कधर्मी आणि कॉस्टिक त्याच्या कितीतरी पट जहाल. साबण मुरत जातो तसा हा लाल रंग उतरत विटकरी, मग नारिंगी होतो, आणि उजेडात ठेवला तर आणखी फिका पडतो. हळदीतलं रंगद्रव्य अल्कात टिकत नाही. ते टिकत नाही म्हटल्यावर कांती उजळायला उरतं काय?

घरच्या साबणाबद्दलचे बहुतेक गैरसमज इथूनच निघतात. भाजीत जे घालावं ते ताटात येतं, तसंच साबणाचं असेल असं आपण धरून चालतो. पण साबणाच्या भांड्यात घातलेलं खोबरेल वडीत खोबरेल म्हणून राहत नाही. कॉस्टिक तेलाचा रेणू फोडतं, त्यातल्या मेदाम्लांशी जोडलं जातं आणि साबण तयार होतो. सुटलेलं ग्लिसरीन वडीतच राहतं. त्यामुळे घटक निवडताना त्याची ख्याती न पाहता कॉस्टिकशी गाठ पडल्यावर त्याचं काय होतं ते पाहावं लागतं.

आता सगळ्यात लोकप्रिय समजूत: ‘आम्ही केमिकल वापरत नाही, आमचा साबण कॉस्टिकशिवायचा आहे.’ असा साबण नसतो. बाजारात मिळणारा ग्लिसरीनचा ठोकळा वितळवून साच्यात ओतला, तरी कॉस्टिकचं काम कारखान्यात आधीच झालेलं असतं. खाण्याच्या सोड्याने तेलाचा साबण होत नाही; तो सोडा त्यासाठी फारच मवाळ. रिठा आणि शिकेकाई कॉस्टिकशिवाय फेस देतात, कारण त्यांच्यात सॅपोनिन असतं. ती उत्तम धुतात, पण तो साबण नव्हे. उलट, हिशेब बरोबर असेल तर मुरलेल्या वडीत मोकळं कॉस्टिक उरत नाही. ते सगळं साबणात खर्ची पडलेलं असतं.

प्रश्न हिशेबाचाच आहे, आणि ‘तेल कुठलंही घ्या, अमुक वाटी तेलाला तमुक चमचे कॉस्टिक’ ही रेसिपी त्यामुळेच धोक्याची. प्रत्येक तेलाची कॉस्टिकची भूक वेगळी. एक ग्रॅम खोबरेलाला साधारण 0.183 ग्रॅम कॉस्टिक लागतं, सूर्यफुलाच्या तेलाला 0.134, एरंडेलाला 0.128, मोहाच्या तेलाला 0.136 च्या आसपास. समजा 300 ग्रॅम मोहाचं तेल, 150 ग्रॅम खोबरेल आणि 50 ग्रॅम एरंडेल घेतलं. गुणाकार-बेरीज केली की 74.65 ग्रॅम येतात. त्यातून पाच टक्के कमी करायचे, म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि साबण कातडीला ओढत नाही. उरले सुमारे 71 ग्रॅम. आता खोबरेल संपलं म्हणून त्याच्या जागी तितकंच सूर्यफूल ओतलं तर? त्या मिश्रणाला सगळं मिळून 67.3 ग्रॅमच पचतात. साडेतीन ग्रॅमहून जास्त कॉस्टिक वडीत मोकळं राहील आणि आंघोळीच्या वेळी आपली ओळख करून देईल. म्हणून वाट्या-चमचे बाजूला ठेवावेत आणि ग्रॅमचा काटा घ्यावा. बरणी नीट बंद नसेल तर कॉस्टिकचे तुकडे हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून कमजोर होतात, तेव्हा मागच्या वर्षीची अर्धी बरणीही हिशेबात धरू नये. तुंबलेली नाली मोकळी करायची पावडर तर मुळीच नको. तिच्यात आणखी काय मिसळलंय ते सांगता येत नाही.

पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. भांडं स्टीलचं. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं कॉस्टिक खातं आणि हायड्रोजन वायू सुटतो. चष्मा, हातमोजे, उघडी खिडकी, आणि पोरं स्वयंपाकघराबाहेर.

तेलांकडे येऊ, कारण इथे जबलपूरकरांची मला खरोखर गंमत वाटते. ‘चांगल्या साबणाला ऑलिव्ह ऑइल लागतं’ असं कुठेतरी ऐकून लोक महागाची परदेशी बाटली आणतात. निव्वळ ऑलिव्हचा साबण होतो, सौम्यही होतो. पण फेस बेताचा आणि बुळबुळीत, आणि घट्ट व्हायला महिनोन् महिने लागतात. इकडे शहरातून मंडला-डिंडोरीच्या दिशेला निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोह उभे. मार्च-एप्रिलमध्ये फुलं गळतात, पावसाच्या तोंडावर बिया येतात. त्या बियांना इकडे गुल्ली म्हणतात. त्यांच्या तेलाला आपल्या विदर्भात टोळीचं तेल म्हणतात. ते थंडीत तुपासारखं थिजतं, कारण त्यात पामिटिक आणि स्टिअरिक ही घट्टपणा देणारी आम्लं चाळीस टक्क्यांच्या आसपास असतात, आणि सौम्यपणा देणारं ओलिक आम्लही भरपूर. वडी कडक होते, लवकर झिजत नाही. साबणाच्या कारखान्यांनी हे तेल पूर्वीपासून वापरलंय. त्याला एक उग्र वास असतो, आणि माझ्या मते त्याचं मागे पडणं गुणापेक्षा त्या वासामुळे आणि ‘आदिवासींचं तेल’ या शिक्क्यामुळेच जास्त झालं.

मात्र स्थानिक म्हणून सगळंच चालेल असंही नाही. जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयात तीळ आणि रामतीळ यांवर संशोधन होतं. रामतीळ म्हणजे आपले कारळे. चटणीला कारळ्यासारखं दुसरं काही नाही, पण साबणाला त्याचं तेल फार घालू नये. त्यात निम्म्याहून जास्त लिनोलिक आम्ल असतं; वडी मऊ राहते आणि काही महिन्यांत तिच्यावर नारिंगी ठिपके उमटून खवट वास येतो. जवसाचं तेलही तसंच, किंबहुना जास्त. अशी तेलं एकूण तेलाच्या दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत ठीक.

खोबरेलाबद्दल दोन समज आहेत. एक म्हणजे ते जितकं जास्त तितका साबण चांगला. फेस नक्कीच चांगला, पण नुसत्या खोबरेलाचा साबण त्वचा कोरडी करतो. पंचवीस-तीस टक्के पुरे. दुसरा समज, थंडीत गोठलं म्हणजे शुद्ध. खोबरेल 24-25 अंशांखाली गोठतंच. जबलपूरच्या जानेवारीत ते गोठलं नाही तर मात्र जरूर शंका घ्या.

‘पाण्याने काय फरक पडतो?’ पडतो. बोअरच्या पाण्याने बादलीवर पांढरे थर बसत असतील, तर तेच कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा चिकट साका करतं. नर्मदेचं पाणी घालून साबण करायची इच्छा मी ऐकली आहे. श्रद्धेबद्दल बोलत नाही, पण साबणासाठी क्षार काढलेलं पाणी हवं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर चालतं. फक्त दुकानात शेजारीच बॅटरीचं अ‍ॅसिडही असतं, तेव्हा लेबल दोनदा वाचा.

जड पाण्यावर उपाय गमतीदार आहे आणि तो लिंबाच्या गैरसमजातून निघतो. लिंबाचा रस घातल्याने साबण त्वचा उजळत नाही. रसातलं सायट्रिक आम्ल कॉस्टिकशी लगेच जुळून सोडियम सायट्रेट होतं. पण हे सायट्रेट पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि साका कमी होतो. रसापेक्षा लिंबूसत्त्व बरं, कारण ते मोजता येतं. 500 ग्रॅम तेलाला 10 ग्रॅम लिंबूसत्त्व घातलं तर ते 6.2 ग्रॅम कॉस्टिक खातं; तेवढं जास्तीचं आधीच हिशेबात घ्यायचं. नाहीतर कॉस्टिक कमी पडून साबण तेलकट, मऊ राहतो.

ताजी पपई, काकडी, कोरफडीचा गर यांनी साबण ‘ताजा’ होत नाही. गराचे तुकडे राहिले तर ते काळे पडतात, कधी बुरशी धरतात. दूध घातलं की त्यातली साखर कॉस्टिकच्या उष्णतेने करपून मिश्रण तपकिरी होतं, म्हणून दुधाचा बर्फ करून त्यात कॉस्टिक थोडंथोडं विरघळवतात. सुगंधी तेल नैसर्गिक असलं तरी तेलाच्या वजनाच्या तीन टक्क्यांपुढे जाऊ नये. दालचिनी आणि लवंगेचं तर त्याहून बरंच कमी, कारण ती कातडीला झोंबतात.

‘पीएच 5.5 चा घरगुती साबण’ असं कुणी विकत असेल तर हसून पुढे जावं. खरा साबण नऊ-दहाच्या घरातच असतो. त्याला आम्ल घालून साडेपाचावर आणलं तर तो फुटून पुन्हा मेदाम्लं सुटी होतात. पीएच 5.5 च्या वड्या असतात, पण त्या साबणाच्या नसून वेगळ्या डिटर्जंटच्या असतात. वेष्टनावरच्या टीएफएमची गोष्टही तशीच अर्धवट समजलेली. भारतीय मानकात अंघोळीच्या साबणाची पहिली श्रेणी 76 टक्के, दुसरी 70, तिसरी 60 अशी एकूण मेदद्रव्यावर ठरते. तो आकडा वडीत साबण किती आणि भर किती हे सांगतो, सौम्यपणा सांगत नाही. भर म्हणून स्वस्त साबणात संगजिऱ्याची पूडही असते. जबलपूरजवळच्या भेडाघाटला संगमरवराच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ मूर्ती याच जातीच्या मऊ दगडाच्या. नखाने ओरखडा उठला तर संगमरवर नव्हे. इंग्रजीत त्याला सोपस्टोन म्हणतात, पण हात लावला की साबणासारखा गुळगुळीत लागतो एवढाच त्याचा साबणाशी संबंध.

आणि घरचा साबण ‘नैसर्गिक’ म्हणून नर्मदेच्या ग्वारीघाटावर घेऊन जाऊ नये. नदीतल्या माशांच्या कल्ल्यांना साबण कुणाच्या घरचा आहे हे कळत नाही. शेजारीपाजारी वाटण्यापलीकडे विकायचा विचार असेल तर साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो. 1940 चा औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा आणि 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली राज्याचा परवाना लागतो.

मुरण्याचं गणित मात्र आपल्या पंचांगात आयतं बसतं. वडीला चार ते सहा आठवडे वाळायला हवेत. पाणी उडतं, वडी घट्ट आणि सौम्य होते. अनंत चतुर्दशीला साचा भरला तर नरक चतुर्दशीच्या अभ्यंगाला साबण तयार. मधल्या ओलसर दिवसांत वडीवर थेंब दिसले तर घाबरू नये, ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं तो त्याचा घाम.

काकूंच्या वड्या दिवाळीपर्यंत फिक्या नारिंगी झाल्या होत्या, भेडाघाटच्या उन्हातल्या खडकांसारख्या. पहिली वडी त्यांनी किराणावाल्याकडे पाठवली, आणि पुढच्या वेळेसाठी दोन लिटर गुल्लीचं तेल मागवून ठेवायला सांगितलं.