परभाषेतील शिष्टाचार : लेखांक सहावा – इटालियनांचे ‘लेई’ आणि ‘तू’

गेल्या लेखांकात फ्रेंचांच्या ‘व्हू’ आणि ‘त्यू’ या सर्वनामांचा परामर्श घेतला. परंतु आदरार्थी संबोधनाची याहूनही विलक्षण घडण पाहावयाची असेल, तर आल्प्स ओलांडून इटलीत उतरले पाहिजे. तेथे अपरिचित पुरुषाशी बोलतानाही जे ‘लेई’ हे सर्वनाम योजतात, त्याचा मूळ अर्थ ‘ती’ असा आहे. थोरामोठ्यांना ‘वोस्त्रा सिन्योरीआ’, म्हणजे ‘आपले धनीपण’, असे संबोधण्याचा शिरस्ता दरबारांतून व दप्तरांतून रूढ झाला. ते भाववाचक नाम स्त्रीलिंगी असल्यामुळे त्याच्या जागी येणारे सर्वनामही स्त्रीलिंगीच आले, आणि पुढे किताब गळून पडला तरी सर्वनाम मात्र टिकले. आपल्याकडे ‘हुजुरांनी यावे’, ‘सरकारांनी बसावे’ असे जे म्हणत, त्यातही समोरच्यास तृतीयपुरुषी नेऊन बसविण्याची हीच रीत दिसते.

या उपचारांना त्या काळीही विरोध झाला. जोव्हान्नी देल्ला कासा या धर्माधिकाऱ्याचा ‘गालातेओ’ हा शिष्टाचारविषयक ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1558 साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याने बाहेरून आलेल्या पोकळ उपचारांवर कोरडे ओढले आहेत. परंतु खरा घाला पडला तो 1938 साली. ‘लेई’ हे परकीय आणि दास्याचे चिन्ह होय, असे ठरवून मुसोलिनीच्या पक्षाने ते वर्ज्य केले आणि त्याच्या जागी ‘व्होई’ योजण्याचे फर्मान काढले. हा आवेश एवढा की, ‘लेई’ नावाच्या स्त्रियांच्या नियतकालिकाला, त्या नावाचा अर्थ केवळ ‘ती’ असा असूनही, ‘अन्नाबेल्ला’ हे नाव धारण करावे लागले. सत्ता गेली आणि ‘लेई’ परतले. दक्षिणेकडे वडीलधाऱ्यांना आजही ‘व्होई’ म्हणणारे लोक भेटतात. पण तो मान फर्मानाच्या कितीतरी आधीपासूनचा, आणि म्हणूनच टिकला. भाषेतील आदब रिवाजाने येते, हुकमाने नव्हे, याचा इतका स्वच्छ पुरावा मला अन्यत्र क्वचितच आढळतो.

‘लेई’कडून ‘तू’कडे जाण्यासाठी मात्र संमती लागते. ‘दियामोची देल तू’, म्हणजे ‘आपण एकमेकांस तू म्हणू या’, असा प्रस्ताव सामान्यतः वयाने वा अधिकाराने मोठे असलेल्या व्यक्तीने मांडावयाचा असतो, आणि तोवर धाकट्याने थांबावयाचे असते. ‘चाओ’ हे अभिवादनही ‘तू’च्या मंडळींतच शोभते, दुकानदाराला वा शिक्षकाला ‘बुओन्जोर्नो’च म्हणावे. आमंत्रित पाहुणादेखील उंबरठ्याशी ‘पेर्मेस्सो?’ असे विचारून परवानगी घेतो आणि ‘आव्हान्ती’ हे उत्तर ऐकल्यावरच आत पाऊल टाकतो. ही रीत मला फार गोड वाटते.

आतल्या माणसांसाठी मग शब्दांचे भांडार खुले होते : ‘कारो’ म्हणजे प्रिय, ‘तेझोरो’ म्हणजे धन, ‘जोया’ म्हणजे आनंद; आणि त्यांहूनही लाघवी ते प्रत्यय. ‘माम्मा’ची ‘माम्मीना’ होते, ‘नोन्ना’, म्हणजे आजी, तिची ‘नोन्नीना’ होते, जशी आपल्याकडे मायेची माउली होते. ‘-उच्चो’ हा प्रत्यय मात्र जपून वापरावा; ‘तेझोरुच्चो’त तो लाड करतो, पण वकील या अर्थाच्या ‘आव्होकातो’ला तो जोडला की बिचाऱ्याचा दीडदमडीचा वकील होतो.